चरबी लिव्हरात कुठल्या वाटेने शिरते

रात्रीचं जेवण होऊन आठ-दहा तास उलटले की रक्तातलं ग्लुकोज टिकवायचं काम जवळजवळ एकट्या लिव्हरवर येतं. शरीराच्या दर किलोमागे दर मिनिटाला साधारण २ मिलिग्रॅम ग्लुकोज ते रक्तात सोडत राहतं. ७० किलोच्या माणसात हे तासाला ८ ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि मेंदूचा रात्रभराचा खर्च त्यातून भागतो. सकाळी नाश्ता पोटात गेला, स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडलं, की हा नळ बंद व्हायला हवा. ते इन्सुलिन आधी पोर्टल शिरेतून लिव्हरकडेच जातं. बाकीच्या शरीराला मिळतं त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट तीव्रतेचं इन्सुलिन लिव्हरला मिळतं. तरीही नळ नीट बंद होत नसेल, तर त्याला लिव्हरचा इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. ‘रात्री नुसतं सूप घेतलं, मग सकाळची शुगर १२० कशी?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ती शुगर सुपातून आलेली नसते, लिव्हरने बनवलेली असते.

लिव्हरच्या पेशीला इन्सुलिन दोन हुकूम देतं. पहिला, ग्लुकोज बनवणं थांबव. दुसरा, जास्तीच्या साखरेची चरबी करून ठेव. पहिला हुकूम इन्सुलिन रिसेप्टर, आयआरएस-२, एकेटी२ अशा साखळीने उतरत फॉक्सओ१ नावाच्या प्रथिनापर्यंत जातो आणि त्याला पेशीकेंद्राबाहेर काढतो. ते बाहेर गेलं की ग्लुकोज बनवणारी एन्झाइम्स तयार होणं मंदावतं. दुसरा हुकूम एसआरईबीपी-१सी या प्रथिनामार्फत चरबी बनवणारी यंत्रणा सुरू करतो. नेहमीच्या फॅटी लिव्हरमध्ये गंमत अशी की पहिला हुकूम ऐकला जात नाही आणि दुसरा मात्र चालूच राहतो. शुगरही वाढते, चरबीही वाढते. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन संशोधकांनी २००८ मध्ये या विसंगतीला ‘सिलेक्टिव्ह’, म्हणजे निवडक रेझिस्टन्स म्हटलं. कारणांबद्दल अजून वाद आहेत, पण माणसांच्या जनुकांनी यात मोलाची साक्ष दिली आहे. ज्यांच्या इन्सुलिन रिसेप्टरच्या जनुकातच बिघाड असतो, त्यांच्यात इन्सुलिन रेझिस्टन्स टोकाचा असतो. तरी त्यांचं लिव्हर चरबीने भरत नाही आणि ट्रायग्लिसराइड्सही, म्हणजे रक्तातली चरबीही, वाढत नाहीत, कारण दोन्ही हुकूम दारातच अडतात. बिघाड खालच्या पायरीवर, एकेटी२ मध्ये असेल, तर मात्र फॅटी लिव्हरही होतं आणि ट्रायग्लिसराइड्सही चढतात.

म्हणून ‘माझ्यात फॅटी लिव्हरचं जनुक आहे का?’ हा प्रश्नच जरा चुकीचा मांडलेला आहे. चरबी लिव्हरात कुठल्या वाटेने आली हे विचारायला हवं. जनुकं तीन वेगवेगळ्या वाटांवर बसलेली आहेत, आणि त्यांतल्या दोनच इन्सुलिनपर्यंत ठळकपणे पोचतात.

वाटांकडे जाण्याआधी एक हिशेब. फॅटी लिव्हर असलेल्या लोकांच्या लिव्हरमधली चरबी नेमकी कुठून आली, हे २००५ च्या एका अभ्यासात खुणेच्या रेणूंचा माग काढून मोजलं गेलं. सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या चरबीच्या साठ्यांतून सुटून आलेली होती, २६ टक्के लिव्हरने साखर-पिठांपासून स्वतः बनवलेली, आणि जेवणातल्या तेल-तुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. म्हणजे फॅटी लिव्हरचं खापर एकट्या भज्यांवर फोडता येत नाही. मोठा वाटा गळक्या साठ्यांचा आहे. साठ्यांतून सुटलेली फॅटी ॲसिड्स लिव्हरात आली की चरबी बनण्याच्या वाटेवर डायअसिलग्लिसरॉल नावाचा अर्धवट टप्पा साचतो. तो पीकेसी-एप्सिलॉन या एन्झाइमला जागं करतो, आणि ते एन्झाइम इन्सुलिन रिसेप्टरचंच काम दाबतं. या साखळीवर येल विद्यापीठातल्या गटाने बरंच काम केलं आहे. सगळेच संशोधक ती जशीच्या तशी मान्य करत नाहीत, तरी ‘चरबी किती’ यापेक्षा ‘कोणत्या रूपातली चरबी’ हा मुद्दा पक्का आहे. तो पुढे पुन्हा लागेल.

पहिली वाट: भूक

वजनाशी जोडलेली बहुतेक जनुकं मेंदूत काम करतात. आळस, चयापचय वगैरे शब्द आपण सहज वापरतो, पण जनुकं पाहिली तर गोष्ट मुख्यतः भुकेची आणि पोट भरल्याच्या जाणिवेची आहे. सगळ्यांत गाजलेलं एफटीओ. २००७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की या जनुकातल्या एका जागी डीएनएच्या ए अक्षराच्या दोन्ही प्रती असलेल्यांचं वजन, एकही नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त असतं आणि लठ्ठपणाची शक्यता १.६७ पट. पुढे २०१५ मध्ये कळलं की हा बदल एफटीओच्या आत असला तरी बरंचसं काम आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या दूरच्या शेजाऱ्यांमार्फत होतं. पाटी एकाची, धंदा दुसऱ्याचा.

दुसरं एमसी४आर. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात, ते मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे, आणि हा निरोप शेवटी एमसी४आर या रिसेप्टरवर पोचतो. या रिसेप्टरमधला मोठा बिघाड हे एकाच जनुकामुळे होणाऱ्या लठ्ठपणाचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण आहे. त्याच्या शेजारचा एक सौम्य बदल २००८ मध्ये लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांत सापडला. तो कंबरेचा घेर आणि इन्सुलिन रेझिस्टन्स या दोन्हींशी जोडलेला होता.

एकाच जनुकाच्या लठ्ठपणाची शंका कधी घ्यावी, हे मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत प्रचंड वजन वाढलं, भूक कशानेच भागत नाही, मूल रात्री उठून अन्न शोधतं, आणि आईवडील नात्यातले आहेत, मामेबहीण-आतेभाऊ असं लग्न आहे, तर बालरोगतज्ज्ञांशी जनुक तपासणीचं बोलावं. लेप्टिनचं जनुकच बंद असलेली पहिली दोन मुलं १९९७ मध्ये इंग्लंडात सापडली. ती पाकिस्तानी वंशाच्या, नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबातली चुलत भावंडं होती. लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केल्यावर अशा मुलांची भूक आणि वजन दोन्ही खाली आले. एमसी४आरच्या आधीची साखळी तुटलेल्या काही आजारांसाठी सेटमेलानोटाइड हे औषध अमेरिकेत २०२० पासून मान्य आहे. ही मुलं मोजकीच, पण त्यांच्या बाबतीत तपासणी उपचार बदलते. ‘लाडावलंय’ म्हणून वर्षं घालवू नयेत.

बाकी आपल्यासारख्यांच्या वजनात शेकडो बारीक बदलांची बेरीज असते. २०१८ पर्यंत सापडलेले ९४१ बदल एकत्र केले तरी माणसामाणसांतल्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाच्या) फरकाचा जेमतेम ६ टक्के भाग उलगडत होता. जुळ्यांवरचे अभ्यास मात्र वारसा ४० ते ७० टक्के सांगतात. मधली पोकळी अजून पुरती भरलेली नाही. जनुकांचा हात केवढा लांब आहे हे क्लोद बुशार यांच्या १९९० च्या प्रयोगात सुंदर दिसतं. एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांपैकी ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्त खायला दिल्या. सरासरी वजनवाढ ८.१ किलो, पण कोणाची ४.३, तर कोणाची १३.३. जोडीतल्या दोघांत फरक थोडा, जोड्याजोड्यांत तिप्पट. पोटातली चरबी वाढण्यातही जोडी एकमेकांसारखीच वागली. तेच ताट, तेवढ्याच कॅलरी, आणि चरबी कुठे जाऊन बसायची हे ठरवणारं कोणीतरी वेगळंच.

दुसरी वाट: कोठार

आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची वाट ही. त्वचेखालची, विशेषतः मांड्या-नितंबांवरची चरबी हे सुरक्षित कोठार आहे. ते मोठं असेल तर जास्तीचं अन्न तिथे पडून राहतं. लहान असेल तर उरलेलं पोटात, लिव्हरात, स्नायूंत जातं. काही लोकांत जनुकातल्या बिघाडाने हे कोठार पुरेसं उरतच नाही. एजीपीएटी२, बीएससीएल२ किंवा एलएमएनए जनुकांतल्या बिघाडाने होणाऱ्या लिपोडिस्ट्रॉफीत माणूस बारीक दिसतो, आणि त्याचं लिव्हर मात्र चरबीने गच्च, इन्सुलिन रेझिस्टन्स भयंकर. लठ्ठपणा नसून लठ्ठपणाचे सगळे आजार. २०१७ मध्ये इन्सुलिन रेझिस्टन्सशी जोडलेल्या ५३ जागा शोधल्या गेल्या, तेव्हा त्यांचा एकत्रित परिणाम हाच दिसला: कंबरेखालची चरबी थोडी कमी. म्हणजे साध्यासुध्या माणसांतही लिपोडिस्ट्रॉफीची एक फिकट आवृत्ती फिरते आहे.

पुण्याचं नाव इथे येतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्तीची कोणाची, हे सांगायला नको. याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं की पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जन्मणारी बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळाचे स्नायू, पोटातले अवयव सगळं लहान, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र तुलनेने टिकवून ठेवलेली. हे सगळं जनुकांचं आहे असं समजू नका. गरोदरपणातल्या पोषणाचा वाटा मोठा आहे, आणि पुण्याच्या संशोधनाचा भर त्यावरच आहे. २००९ मध्ये त्याच गटाने एफटीओबद्दल सांगितलेली गोष्ट रंजक होती: युरोपीय लोकांत एफटीओ डायबेटिसपर्यंत वजनाच्या वाटेने पोचतं, भारतीयांत हा संबंध केवळ बीएमआयवरून पुरता उलगडत नाही.

म्हणून आपल्याकडे बीएमआयची मर्यादा २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८०. घेर मोजताना हमखास चूक होते. पँटचा पट्टा जिथे बसतो ती कंबर नव्हे. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचं वरचं टोक, यांच्या बरोबर मधोमध टेप धरायची, सहज श्वास सोडून झाला की वाचायचं. पोट आत ओढून घेतलेला आकडा कोणाच्याच कामाचा नाही.

तिसरी वाट: लिव्हरची स्वतःची झडप

अमेरिकेतल्या डॅलस शहरात झालेल्या डॅलस हार्ट स्टडी या अभ्यासातून २००८ मध्ये पीएनपीएलए३ या जनुकातला एक बदल सापडला. प्रथिनातल्या १४८ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन. हा बदल डॅलसमधल्या हिस्पॅनिक लोकांत ४९ टक्के, युरोपीय वंशाच्यांत २३ आणि आफ्रिकन वंशाच्यांत १७ टक्के इतक्या प्रमाणात होता, आणि फॅटी लिव्हरचा क्रमही तसाच लागत होता. बदललेलं प्रथिन पेशीतून वेळेवर काढून टाकलं जात नाही. ते चरबीच्या थेंबांवर चिकटून बसतं आणि चरबी फोडणाऱ्या एन्झाइमच्या मदतनीसाला अडकवून ठेवतं. आत आलेली चरबी बाहेर निघत नाही.

आता महत्त्वाचं. या लोकांच्या लिव्हरात चरबी भरपूर, सूज आणि पुढे फायब्रोसिसचा, म्हणजे लिव्हरात व्रण पडून ते कडक होण्याचा, धोका खराखुरा, पण तेवढ्या चरबीला शोभेल असा इन्सुलिन रेझिस्टन्स नाही. अडकलेली चरबी बहुतांशी बहुअसंतृप्त, पूर्ण बनलेल्या ट्रायग्लिसराइडच्या रूपात असते. डायअसिलग्लिसरॉल आणि सेरामाइडसारखे इन्सुलिनच्या आड येणारे रेणू त्या प्रमाणात वाढलेले नसतात. टीएम६एसएफ२ या जनुकातला बदल याचाच भाऊ. चरबी व्हीएलडीएलच्या, म्हणजे ती रक्तातून वाहून नेणाऱ्या, कणांत भरून बाहेर पाठवायचं काम मंदावतं, लिव्हर भरतं, रक्तातले लिपिड्स उलट कमी होतात, आणि हृदयविकाराचा धोकाही थोडा कमी होतो. जीसीकेआर या जनुकाचा बदल अजून चक्रावणारा. त्याच्यामुळे लिव्हर ग्लुकोज जास्त ओढून घेतं, म्हणून उपाशीपोटीची शुगर किंचित खाली आणि ट्रायग्लिसराइड्स वर.

यावर लठ्ठपणाचा गुणाकार होतो. बारीक माणसात पीएनपीएलए३ चा फरक जेमतेम जाणवतो, खूप लठ्ठ माणसात तोच बदल लिव्हरमधली चरबी कित्येक पटींनी वाढवतो. दारूबरोबरही तसंच. या बदलाच्या दोन प्रती असलेल्याने ‘थोडी तर चालते’ हा नियम स्वतःला लावू नये.

एका जनुकाच्या गोष्टींवर भाळू नये याचा दाखलाही आपल्याशी संबंधित आहे. २०१० मध्ये ९५ भारतीय वंशाच्या पुरुषांच्या अभ्यासातून एपीओसी३ चे बदल फॅटी लिव्हरचं कारण म्हणून जाहीर झाले. नामांकित नियतकालिकात छापलं गेलं, आणि नंतर इतर गटांत ते उभंच राहिलं नाही.

मग रिपोर्टमध्ये काय बघायचं

उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच नमुन्यातून करून घ्या. ग्लुकोज (मिलिग्रॅममध्ये) गुणिले इन्सुलिन (मायक्रोयुनिटमध्ये) भागिले ४०५, हा होमा-आयआर. ग्लुकोज ९८ आणि इन्सुलिन १६ असेल तर ३.९ येतो, शुगर ‘नॉर्मल’ असूनही. उपाशीपोटी मोजलेला हा आकडा मुख्यतः लिव्हरचीच अवस्था सांगतो. साधारण २ ते २.५ च्या वर गेला की दखल घ्यायची, पण प्रयोगशाळेचं किट बदललं की इन्सुलिनचा आकडा बदलतो, त्यामुळे पुन्हा तपासताना लॅब तीच ठेवा. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर त्यांतलं एन्झाइम इन्सुलिन खाऊन टाकतं आणि आकडा खोटाच कमी येतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर काही किट्समध्ये तसंच होतं. दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद ठेवा. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्याला हे गणित लागू नाही.

सोनोग्राफीचा ‘ग्रेड १’ हा बघणाऱ्याच्या डोळ्यांचा अंदाज आहे. चरबी २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती बऱ्याचदा दिसतही नाही, आणि आजार ५ टक्क्यांपासून सुरू होतो. एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम रक्तात नॉर्मल आलं म्हणून लिव्हर स्वच्छ असं नाही. ग्रेडपेक्षा फिब-४ हे फायब्रोसिसचा अंदाज देणारं सूत्र जास्त उपयोगी: वय गुणिले एसजीओटी (दुसरं एन्झाइम), आणि त्याला भागायचं प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ या गुणाकाराने. वय ५२, एसजीओटी ४६, एसजीपीटी ५८, प्लेटलेट्स २ लाख १० हजार, तर १.५. १.३ च्या खाली निर्धास्त, २.६७ च्या वर लिव्हरच्या तज्ज्ञाकडे, मध्ये असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. ६५ वर्षांनंतर खालची मर्यादा २ धरतात. ३५ च्या आतल्या वयात हे सूत्र वापरू नये.

आता वाट ओळखणं. घेर वाढलेला, ट्रायग्लिसराइड्स चढलेले, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) उतरलेला, होमा जास्त, तर पहिली किंवा दुसरी वाट, आणि आपल्याकडे बहुतेकदा दोन्ही. घेर बरा, लिपिड्स बरे, होमा दीडच्या आसपास, तरी लिव्हरात चरबी, तर तिसऱ्या वाटेचा विचार. पण जनुकावर ढकलण्याआधी दारू, हेपॅटायटिस सी, थायरॉइड, स्टिरॉइड, टॅमॉक्सिफेन, मेथोट्रेक्सेट ही औषधं, आणि तरुण वयात विल्सनचा, म्हणजे शरीरात तांबं साचण्याचा, आजार, हे सगळं बघून झालेलं असावं.

घरबसल्या लाळ पाठवून मिळणाऱ्या जनुक अहवालाचं काय? एफटीओचा बदल निघाला तर करायचं तेच, नाही निघाला तरी तेच. बदल असलेल्या लोकांचं वजन आहार-व्यायामाने इतरांइतकंच उतरतं हे हजारो लोकांच्या चाचण्या एकत्र करून तपासलेलं आहे, आणि शरीर हलतं ठेवणाऱ्यांत एफटीओचा परिणाम साधारण २७ टक्क्यांनी बोथट होतो. जनुकं बघून लो-फॅट की लो-कार्ब हे ठरवणंही फुकट गेलं. २०१८ मध्ये ६०९ लोकांवर वर्षभर ते करून पाहिलं, जनुकांशी ‘जुळणारा’ आहार घेणाऱ्यांना काहीच जादा फायदा झाला नाही. पैसे उरलेच असतील तर फायब्रोस्कॅनवर घाला.

लिव्हरचा इन्सुलिन रेझिस्टन्स मात्र आश्चर्य वाटावं इतक्या लवकर हलतो. २००५ मध्ये टाइप २ डायबेटिसच्या ८ लठ्ठ रुग्णांना रोज १२०० कॅलरींचा, अगदी कमी चरबीचा आहार दिला. वजन सुमारे ८ किलो उतरलं, लिव्हरमधली चरबी १२ टक्क्यांवरून २.२ वर आली आणि लिव्हरचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद पूर्ववत झाला. स्नायूंचा रेझिस्टन्स होता तसाच राहिला. ७२ किलोच्या माणसाने ३.६ किलो, म्हणजे ५ टक्के उतरवले की चरबी कमी व्हायला लागते; सूज जायला ७ ते १० टक्के, फायब्रोसिस मागे हटायला १० टक्के किंवा जास्त. पीएनपीएलए३ वाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही, वजन उतरल्यावर त्यांचं लिव्हर उलट जास्त झपाट्याने रिकामं होतं. मात्र आठवड्याला दीड किलोच्या वर धावलात तर पित्ताशयात खडे होतात, आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं एकदम कमी केलंत तर शुगर कोसळते. डोस आधी कमी करून घ्यायचा.

काय कमी करायचं? पहिली साखर, कारण लिव्हर स्वतः बनवतं ती २६ टक्के चरबी साखर-पिठांपासूनच येते. दिवसात चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर फक्त चहातून. आणि सध्या तुपाला आलेलं औषधाचं रूप जरा बाजूला ठेवा. २०१८ च्या एका प्रयोगात ३८ जणांना तीन आठवडे रोज १००० जादा कॅलरी दिल्या: संतृप्त चरबीने लिव्हरमधली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेने ३३, असंतृप्त चरबीने १५. वरणभातावर तुपाचा एक चमचा वेगळा, कॉफीत ढवळलेले तीन वेगळे. व्यायामाने वजन हललं नाही तरी लिव्हरमधली चरबी थोडी उतरते, आणि आहाराने न सुटलेला स्नायूंचा रेझिस्टन्स त्यानेच सुटतो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस वजनं किंवा उठाबशा.

पुन्हा तपासणी १२ आठवड्यांनी. सगळ्यांत आधी उपाशीपोटीची शुगर हलते, कडक आहारात तर आठवड्याभरात, मग इन्सुलिन आणि एसजीपीटी. सोनोग्राफी दर महिन्याला करू नका. त्याच लिव्हरला दोन रेडिओलॉजिस्ट दोन ग्रेड देऊ शकतात, आणि ‘ग्रेड १ चा ग्रेड २ झाला’ म्हणून चांगला चाललेला आहार सोडून देणारे लोक कमी नाहीत.